कोडगूची सावलीतली कॉफी : सावली कोणत्या झाडांची?

कर्नाटकातील कोडगूमधील (कूर्ग) एका लहान मळ्याची अरेबिका जातीची कॉफी सध्या आमच्या घरी येते. पाकिटाच्या मागे, भाजणीच्या तारखेखाली, मळ्यातील सावलीच्या झाडांची नावे छापली आहेत : फणस, उंबर, शिसव, नाणा. ती वाचूनच मी कॉफी मागवली, कारण आपल्याकडची बहुतेक कॉफी सावलीतच वाढत असल्यामुळे ‘सावलीत पिकवलेली’ एवढ्या शब्दांवरून काहीच उलगडा होत नाही.

कोडगूतील अनेक मळ्यांत रानझाडांच्या जागी मूळचा ऑस्ट्रेलियातला सिल्व्हर ओक आला आहे. तो सरळ आणि भराभर वाढतो, त्यावर मिरवेल चढवता येते आणि तोडताना देशी झाडांइतकी परवानग्यांची कटकट नसते. तेव्हा मळेवाल्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. परंतु मलबारी राखी धनेशाला खायला उंबरासारखी फळे आणि घरट्यासाठी जुन्या झाडाची ढोली लागते, आणि लागवडीचा सिल्व्हर ओक यातले काहीच देत नाही. शिवाय सावली राखण्यात पिकाचेही हित असते. ती विरळ झाली की अरेबिकावर खोडकिडीचा उपद्रव वाढतो. रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीला तर परपरागीभवनाशिवाय, म्हणजे दुसऱ्या झाडाचे पराग मिळाल्याशिवाय, फळच धरत नाही, आणि त्या कामात उंच झाडांवर पोळी बांधणाऱ्या आग्या मधमाश्यांचा मोठा वाटा असतो.

चवीबद्दल सांगायचे, तर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) नसल्यामुळे दुधात हिचा रंग फिका उतरतो, वास मात्र उत्तम येतो आणि शेवटच्या घोटाला किंचित फळासारखी आंबूस चव लागते. सासूबाई तिला अजूनही पाणचट म्हणतात. चिकोरीच्या दाट कॉफीवर वाढलेल्या माणसाचे हे मत मी समजू शकते.

दळण मात्र फसले आहे. ते इतके जाडसर आहे की स्टीलच्या फिल्टरमधून पाणी भरकन खाली उतरते आणि अर्क पातळ होतो. किंमत साध्या कॉफीच्या जवळपास दुप्पट पडते. फवारणी आणि खतांविषयी पाकिटावर अवाक्षर नाही. विचारल्यावर ‘तणनाशक वापरत नाही, रासायनिक खत थोडे वापरतो’ असे सरळ उत्तर आले, जे झाडांच्या यादीशेजारीच छापायला हवे होते. पुढच्या वेळी याच मळ्याची कॉफी मागवीन, पण दळलेली नव्हे, अख्ख्या बिया.