अ‍ॅम्बरलाइट एक्सएडी-४ : महाग आहे, पण फिनॉल परत देतं

आमचा छोटा कारखाना तारापूर एमआयडीसीत. लॅमिनेटवाल्यांसाठी फिनॉल-फॉर्मल्डिहाइड रेझिन करतो, आणि ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, माझ्या गळ्यात. रिअ‍ॅक्टरला व्हॅक्यूम लावून काढलेल्या पाण्यात लिटरमागे हजारो मिलिग्रॅम फिनॉल येतं. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, सार्वजनिक गटारासाठी ५. हे पाणी थेट एरेशन टाकीत (हवा सोडून बॅक्टेरियाकडून घाण संपवायची टाकी) घेतलं तर बॅक्टेरियाच मरतात. म्हणून फिनॉल आधीच धरून घ्यायला पूर्वी दाणेदार सक्रिय कोळसा, आणि आता एक्सएडी-४ हे मण्यांचं रेझिन.

वस्तू दिसायला साबुदाण्याहून बारीक, पांढुरके मणी. स्टायरीन आणि डायव्हिनाइलबेन्झीनचं जाळं, आत सगळी छिद्रं. एका ग्रॅमला आतला पृष्ठभाग ७५० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे कबड्डीची जवळजवळ सहा मैदानं. मण्यांवर विद्युतभार नाही. सोसायटीच्या सॉफ्टनरमधलं रेझिन सोडियम देऊन कॅल्शियम घेतं, तसला व्यवहार इथे नाही. फिनॉलचं बेन्झीनचं कडं पाण्यात फारसं रमत नाही, मण्याच्या भिंतीवरही तशीच कडी, तिथे ते चिकटतं. मेव्हण्याने विचारलं, बोअरच्या जड पाण्याला चालेल का? नाही. क्षार यातून जसेच्या तसे निघून जातात.

खरा पैसा वसूल होतो तो एक्सएडी-४ धुताना. कोळसाही फिनॉल उत्तम धरतो, पण सोडताना रडवतो. तो पुन्हा वापरायचा तर भट्टी हवी, ती आमच्याकडे नाही. त्यामुळे वापरलेला कोळसा घातक कचरा म्हणून तळोज्याला पाठवायचा, वजनावर पैसे भरायचे, कागदपत्रं वेगळी. एक्सएडी-४ मध्ये कोमट, सौम्य कॉस्टिक सोडा सोडला की फिनॉलचं सोडियम फिनेट होतं. त्याला भार येतो, पाणी हवंसं वाटतं, आणि ते मण्यावरून उतरतं. पहिला घट्ट भाग आम्ही सरळ रेझोलच्या (कॉस्टिक घालून केलेल्या आमच्या रेझिनच्या) बॅचमध्ये घालतो, तिथे फिनॉल आणि कॉस्टिक दोन्ही लागतातच. नंतरचा पातळ भाग पुढच्या धुण्यासाठी ठेवायचा. मग पाणी, शेवटी जरासं आम्ल. आम्लाचा हात ऑपरेटर हमखास विसरतो, आणि मग पुढच्या फेरीचं सुरुवातीचं पाणी कार्बोलिक साबणाच्या वासाचं येतं.

कॉस्टिकमध्ये फिनॉल मण्यावर टिकत नाही, याच कारणाने आत जाणाऱ्या पाण्याचा पीएच ९ च्या बराच खाली हवा. आमच्याकडे रिअ‍ॅक्टर धुतलेलं कॉस्टिकचं पाणीही येतं. त्यात आम्ल घातलं की आमच्या मालातलं अर्धवट झालेलं रेझिन चिकट गोळा होऊन खाली बसतं. ते गाळल्याशिवाय कॉलमला, म्हणजे मणी भरलेल्या उभ्या नळीला, हात लावू नका. मण्यांच्या तोंडावर तो डिंक बसला तर कॉस्टिकने पुरता निघत नाही, मेथॅनॉल लागतं, आणि मेथॅनॉल म्हटलं की सेफ्टी ऑफिसर पाठीशी उभा.

नवीन माल ओला येतो, आत मीठ आणि सोडियम कार्बोनेट, जंतू वाढू नयेत म्हणून. ते भरपूर पाण्याने काढा. ड्रमचं झाकण नीट लावा. मणी सुकले की पाणी आत शिरत नाही, सगळे वर तरंगतात. मग मेथॅनॉलमध्ये भिजवून, हळूहळू पाण्यावर आणायचे. हा उद्योग कुणाला सांगू नये.

आणखी एक तक्रार, आणि ती मण्यांपेक्षा विकणाऱ्यांच्या बोलण्याबद्दल. फिनॉल उतरलं म्हणजे सीओडी (पाण्यातली एकूण सेंद्रिय घाण मोजायचा आकडा) उतरला असं नव्हे. फॉर्मल्डिहाइड आणि मेथॅनॉल लहान, पाण्याशी गट्टी असलेले रेणू. ते यावर जेमतेम थांबतात. आमच्याकडे आउटलेटला फिनॉल १ च्या खाली आणि सीओडी तरीही मर्यादेच्या कितीतरी वर, हे नेहमीचं चित्र. त्याला पुढे एरेशन हवंच, फक्त आता तिथले बॅक्टेरिया जिवंत राहतात.

कॉलममधले मणी फिनॉलने भरले हे कळायला ४-अमिनोअँटिपायरिन आणि पोटॅशियम फेरिसायनाइडची चाचणी ठेवा. फिनॉल असेल तर रंग लाल. आमचा शिफ्टवाला ती स्पेक्ट्रोफोटोमीटरशिवाय, नुसत्या टेस्टट्यूबवर करतो, आणि रोजच्या कामाला तेवढं पुरतं.

किंमत कोळशाच्या कितीतरी पट. दहा उत्पादनांचं मिसळलेलं, पातळ सांडपाणी असेल तर घेऊ नका, कोळसाच बरा. एकच घट्ट प्रवाह असेल आणि उतरलेला माल स्वतःच्याच बॅचमध्ये वापरता येत असेल, तर घ्या. आधी थोडा नमुना मागवून काचेच्या कॉलममध्ये स्वतःचं पाणी चालवा, आणि किती धरतं ते एकदा नव्हे, कॉस्टिकच्या बऱ्याच फेऱ्यांनंतर मोजा. डेटाशीटवरचा आकडा नव्या मण्यांचा असतो. पाचपैकी चार तारे. पाचवा त्या मणी साफ करायच्या मेथॅनॉलपायी गेला.