साठीनंतरचे धावणे आणि छातीचा पट्टा

साठी ओलांडल्यावर धावायला लागलेल्या माणसाने हृदयगती पाहण्यासाठी नुसत्या मनगटी घड्याळावर विसंबावे की छातीला बांधायचा पट्टाही घ्यावा, या प्रश्नाचा माझा कौल, दोन्ही काही महिने एकत्र वापरल्यानंतर, पट्ट्याच्या बाजूने आहे.

घड्याळ त्वचेवर हिरवा प्रकाश टाकते आणि परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांवरून ठोक्यांचा अंदाज बांधते. बसल्या जागी किंवा चालताना हा अंदाज चांगला जमतो. धावताना मात्र हात सतत हलतो, घड्याळ सैल असेल तर सेन्सर सरकतो आणि थंडीत त्वचेचा रक्तपुरवठाच आटतो. त्याहून फसवा प्रकार म्हणजे घड्याळ कधीकधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजू लागते. बोलत बोलत धावता येईल अशा संथ गतीतही माझ्या घड्याळाचा आकडा एकाएकी १६० च्या वर जाऊन तिथेच ठाण मांडून बसे, तर पट्टा त्याच वेळी १३० च्या आसपास दाखवी; मिनिटाला पावलेही साधारण १६० पडत होती, तेव्हा गोम कुठे आहे हे उघडच होते. तरुण धावपटू अशा आकड्याकडे दुर्लक्ष करील, पण आमच्या वयात तो पाहून काळजात धस्स होते आणि ठोके मग खरोखरच वाढतात.

पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, त्यामुळे वेग वाढला की आकडाही लगेच हलतो. अट एवढीच की आतल्या बाजूचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करून पट्टा बरगड्यांवर घट्ट बसवावा. कोरडा बांधला तर घाम येईपर्यंत भलतेच आकडे दिसतात. आकडी पाठीमागे अडकवणे आखडलेल्या खांद्यांना जमत नाही, म्हणून ती पुढे लावून पट्टा फिरवून घ्यावा. धावून आल्यावर सेन्सर काढून पट्टा धुवावा, कारण ओल्या पट्ट्याला जोडलेला सेन्सर चालूच राहून बटणासारखी बॅटरी खात राहतो. लांब धावेत पट्ट्याची कड त्वचेला घासते, ही तक्रार मात्र राहतेच.

आकडा खरा मिळाला तरी त्याचा अर्थ लावण्याचे काम सोबतच्या ॲपवर सोडू नये. बरीच ॲप कमाल हृदयगती २२० वजा वय अशी धरतात. बासष्टाव्या वर्षी ती १५८ येते, तर २००१ साली मांडलेल्या २०८ वजा वयाच्या ०.७ पट या सूत्राने सुमारे १६५, आणि प्रत्यक्ष व्यक्तीत दोन्हींपासून दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. त्यामुळे ॲप ज्याला लाल झोन, म्हणजे कमाल गतीजवळचा टप्पा, म्हणते तिथे पूर्ण वाक्य न धापता बोलता येत असेल, तर झोनच्या सीमा स्वतः बदलाव्यात. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांची हृदयगती औषधाने दबलेली असते, त्यांना हे तयार झोन मुळीच लागू पडत नाहीत. त्यांनी मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर आकडा काहीही असो, थांबावे. हा पट्टा म्हणजे ईसीजी नव्हे.

प्रगती मोजण्यासाठी मात्र पट्ट्याने मला खरोखर हात दिला. ॲपमधल्या ‘फिटनेस वया’पेक्षा मी एकच गोष्ट पाहतो: त्याच सपाट रस्त्यावर, साधारण सारख्याच हवेत, १३० ठोके राखून एक किलोमीटरला किती वेळ लागतो. हवेची अट महत्त्वाची आहे, कारण उकाड्यात आणि पाणी कमी पडल्यास वेग तोच असूनही ठोके चढत जातात, आणि मग पाय सुधारत असताना आलेख घसरल्यासारखा दिसतो. हा वेळ आठवड्यागणिक नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने कमी होतो.

ज्यांचा भर अजून चालण्यावरच आहे, त्यांना घड्याळ पुरे. सलग धावणे जमू लागले आणि मनगटावरचा आकडा श्वासाशी जुळेनासा झाला, की पट्टा घ्यावा.