ट्रेडमिलवरचा टीव्ही: वायफाय, वायर, भिंत की मेंबरचा मोबाईल?

कोथरूडला नवीन जिम काढतोय त्या मित्राचा परवा फोन आला, कार्डिओची १२ मशीन येणारेत, ८ ट्रेडमिल आणि ४ सायकली, त्यावर व्हिडिओ दाखवायचाय तर काय करू, स्क्रीनवाली मशीन घेऊन वायफायवर टाकू, का प्रत्येकाला वायर ओढू, का भिंतीवर टीव्ही लावून मोकळा होऊ? जिमच्या नेटवर्कची कामं करताना हा प्रश्न मला सारखा येतो आणि लोक ठरवतात ते स्क्रीन किती इंची यावर, सिग्नल त्या स्क्रीनपर्यंत कसा पोचणार हे कुणी विचारतच नाही. म्हणून त्याला सांगितलं तेच इथं लिहितोय.

आधी वायफाय, कारण सगळ्यांना तेच हवं असतं. डेमो दुपारी तीनला होतो, जिम रिकामी, एक मशीन चालू, चित्र एकदम स्वच्छ. तीच जिम संध्याकाळी सातला बघा. कर्वेनगरच्या एका जिममध्ये सगळी मशीन वायफायवर होती, विकणाऱ्यानं सांगितलं होतं की २०० एमबीपीएसची लाईन घ्या बास. हिशोब बरोबर वाटतो, एका एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस, १२ मशीनला ६०, मग अडतं कुठं? अडतं ते हवेत, लाईनमध्ये नाही. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर एकमेकांत न घुसणाऱ्या वाटा, म्हणजे वायफायची चॅनल, ३च, १, ६ आणि ११ नंबरची, आणि त्यातच वरच्या मजल्यांवरचे फ्लॅट, शेजारचं दुकान, मेंबरचे घड्याळ-मोबाईल, ब्लूटूथ हेडफोन सगळे बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झचा बँड बराच बरा पण ते भिंतीपलीकडे नीट जात नाही, आणि जिमभर आरसे असतात, आरशामागच्या धातूच्या थरावरून सिग्नल उलटा फिरतो, वर मध्ये उभी माणसं तो शोषून घेतात.

आणि हे फक्त करमणुकीचं नाहीये. तिथं साठीच्या एक काकू सकाळी साडेसहाला आदल्या रात्रीची चुकलेली मालिका बघत चालायच्या. एक दिवस चित्र थांबलं, मधोमध गोल फिरायला लागलं, काकू पुढं वाकून स्क्रीनवर बोट मारत राहिल्या आणि खाली पट्टा ताशी ५ किलोमीटरनं चालूच, पाय मागं मागं गेले. लाल सेफ्टी क्लिप कुर्त्याला लावलेली होती म्हणून तिच्या दोरीनं मशीनमधली चावी ओढली गेली आणि पट्टा थांबला. तेव्हापासून मी अडखळणाऱ्या व्हिडिओला छोटी अडचण म्हणत नाही.

आता वायर. यात दोन प्रकार. एक म्हणजे कॅट-६, इंटरनेटची नेटवर्क केबल, नेटवर्क स्विचपासून (राऊटरच्या एका लाईनच्या अनेक केबल करणारा डबा) प्रत्येक मशीनला वेगळी, १०० मीटरपर्यंत आरामात चालते, मशीनवर स्ट्रीमिंगचे ॲप असतील तर हीच हवी. दुसरा म्हणजे कोॲक्स, टीव्हीला लावतो तीच जाड वायर, ती मशीनमधल्या ट्यूनरला, म्हणजे टीव्हीची चॅनल पकडणाऱ्या भागाला जाते आणि एकानं बघा नाहीतर बाराही जणांनी बघा, सिग्नलला काही फरक पडत नाही, त्यामुळे नुसते चॅनल दाखवायचे असतील तर याच्याइतकं भरवशाचं काही नाही. पण ऑर्डर देताना ट्यूनर कुठला हे लिहून घ्या, अमेरिकेसाठी बनलेल्या मशीनमध्ये त्यांच्याकडचा ट्यूनर असतो, आपल्याकडं डीव्हीबी पद्धतीचा लागतो. घरगुती डीटीएच कनेक्शन जिममध्ये लावायचं नाही, त्याला कमर्शियल कनेक्शन घ्यावं लागतं, आणि जुलैच्या धो धो पावसात डिश थोडा वेळ जाते हेही धरून चला. ओटीटीचंही तसंच, मालकाचं घरचं खातं सगळ्या मशीनवर लावून ठेवू नका, त्यांच्या अटीत वैयक्तिक वापरच असतो, मेंबरनं स्वतःचं लॉगिन करावं आणि व्यायाम संपला की मशीननं ते आपोआप पुसावं, हे पुसलं जातं का ते डेमोतच करून बघा.

वायरचा खरा त्रास मशीनपाशी होतो. इन्क्लाईन, म्हणजे पट्ट्याचा चढ, वाढवलं की सांगाडा हलतो, सफाईवाले मशीन सरकवतात, आणि ताणून लावलेली वायर कनेक्टरपाशी तुटते. तिथं हातभर वायर सैल गुंडाळून क्लिपनं बांधून ठेवा. दुसरं म्हणजे अर्थिंग, पट्ट्याच्या घर्षणानं स्टॅटिक वीज तयार होते, अर्थिंग धड नसेल तर स्क्रीन मध्येच रिस्टार्ट होतात आणि शिव्या नेटवर्कला पडतात. केबल, कनेक्टर तपकीर गल्लीत मिळून जातील पण तांब्याचीच केबल घ्या, स्वस्तातली ॲल्युमिनियमवाली नको.

भिंतीवरचे टीव्ही स्वस्त, एका जागी दुरुस्ती, मॅचच्या संध्याकाळी तर सगळी जिम एकत्र बघते, मला ते मनापासून आवडतं. अडचण आवाजाची, जिमची गाणी चालू असतात त्यामुळे टीव्ही म्यूट करून सबटायटल्स लावायचे, आणि ब्लूटूथवर आवाज दिला तर ओठ आधी हलतात, शब्द मागून येतात. शिवाय चॅनल एकच, सकाळी बातम्या हव्यात की भजनं यावरून रोज वाद.

मोबाईल म्हणजे मजबूत होल्डर आणि मेंबरसाठी वेगळं वायफाय. ५-६ मशीनच्या जिमला मी हेच सांगतो. होल्डर डोळ्यांच्या उंचीला हवा नाहीतर मान खाली जाते, आणि ढिला असेल तर फोन पट्ट्यावर पडतो.

काहीही घ्या, राऊटर आणि स्विचला यूपीएस हवाच. आपल्याकडं गुरुवारी लाईट जाते, जनरेटर लगेच उचलतो, ट्रेडमिल परत चालू होतात पण राऊटरला पुन्हा उठायला काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ सगळे स्क्रीन कोरे.

मित्राला सांगितलं, ८ ट्रेडमिलना कॅट-६ ओढ. सायकली पायडलवर चालणाऱ्या घेतोयस, त्यांना स्क्रीन लावायचा तर वेगळी वीज न्यावी लागेल, म्हणून तिथं होल्डर दे आणि समोर एक मोठा टीव्ही. वायफाय फक्त मेंबरच्या फोनसाठी. रबर फ्लोअरिंगवाला सोमवारी येतोय, त्याच्या आधी रविवारी प्रत्येक मशीनच्या जागेपर्यंत पाईप टाकून घे आणि एकेका पाईपमध्ये एक जादा केबल ओढून ठेव. मी सकाळी दहाला येतोय, मशीनच्या जागा खडूनं आखून ठेव.