कांद्याचा प्रश्न लोकसभेत: शून्य प्रहर की प्रश्नोत्तराचा तास?

निर्यातबंदी आली की लासलगाव, पिंपळगाव बसवंतला कांद्याचे भाव कोसळतात आणि गावोगाव एकच सवाल होतो, आपले खासदार बोलले का? मला वाटतं, कोणत्या वेळी बोलले हेही विचारायला हवं.

शून्य प्रहर दुपारी 12 नंतर असतो. सकाळी सूचना द्यायची, नंबर लागला तर मोजक्या मिनिटांत व्यथा मांडायची. मंत्र्यांवर तिथे उत्तर देण्याचं बंधन नाही. भाषणाची क्लिप मात्र संध्याकाळपर्यंत निफाड-चांदवडच्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचते.

सकाळी 11 चा प्रश्नोत्तराचा तास वेगळा. दिवसाला तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर मिळणारे प्रश्न फक्त 20, त्यातलेही सगळे पुकारले जात नाहीत. पण पुकारला गेला तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि खरी धार त्या उत्तरावर लगेच विचारल्या जाणाऱ्या पूरक प्रश्नांना असते. बंदी कोणत्या आकड्यांवर लादली? सरकारी खरेदीचा पैसा शेतकऱ्याच्या हातात पडला की मधल्यांच्या? अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं, पण तेही नोंदीत राहतं आणि पुढच्या आंदोलनात कामी येतं.

अडचण आहे ती प्रश्नासाठी लागणाऱ्या 15 दिवसांच्या पूर्वसूचनेची. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी लागू झाली आणि हिवाळी अधिवेशन 21 ला संपलं. तेव्हा तारांकित प्रश्नाची वाट पाहणं शक्यच नव्हतं. शून्य प्रहरच हाताशी होता. एरवी माझा कौल प्रश्नोत्तराच्या तासाला.