लिनक्सवर एचपी लेझरजेट १०२०: यंत्र दणकट, डोकं विसराळू

सीबीएस आणि कॅनडा कॉर्नर भागातल्या झेरॉक्सच्या टपऱ्यांपासून सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधल्या कोंदट ऑफिसपर्यंत, नाशिकमध्ये हा प्रिंटर अजून टिकून आहे. मॉडेल २००५ सालचं. जुन्या संगणकावर विंडोज चालेनासं झालं की लोक मिंट किंवा उबुंटू हे लिनक्सचे प्रकार टाकतात आणि लगेच ओरड सुरू होते: प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवलं की रांगेत जातं, कागद मात्र बाहेर येत नाही. मेकॅनिकला बोलवायच्या आधी पुढचं वाचा, कारण बहुतेक वेळा यंत्राला काहीही झालेलं नसतं.

१०२० च्या पोटात फर्मवेअर, म्हणजे प्रिंटर चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, कायमचं साठवायची सोयच नाही. मेमरी २ एमबी, आणि वीज गेली की तीही कोरी. दर वेळी स्विच टाकल्यावर संगणकाने फर्मवेअर पाठवायचं, मगच हा गडी कामाला लागणार. विंडोजचा ड्रायव्हर ते गुपचूप उरकतो. लिनक्सवर हे काम एचपीलिप हे एचपीच्या प्रिंटरसाठीचं पॅकेज आणि त्याचं प्लगइन (वरून जोडायचा भाग) मिळून करतात. प्लगइन मुक्त सॉफ्टवेअर नसल्यामुळे ते मिंट-उबुंटूबरोबर येत नाही, वेगळं उतरवावं लागतं. सगळी गोम इथे आहे.

आधी यूएसबी केबल सरळ संगणकाच्या पोर्टला लावा, हबला नको. टर्मिनलमध्ये 'एलएसयूएसबी' (lsusb) हा जोडलेली यंत्रं दाखवणारा आदेश चालवा (सगळे आदेश इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायचे). '०३एफ०:२बी१७' हा क्रमांक दिसला तर केबल आणि पोर्ट ठीक आहेत. मग 'एचपी-प्लगइन' चालवा, इंटरनेट चालू ठेवा, परवान्याला होकार द्या. त्यानंतर 'एचपी-सेटअप'ने प्रिंटर जोडा. तरीही ढिम्म राहिला तर 'एचपी-फर्मवेअर' या आदेशाने फर्मवेअर हाताने ढकलता येतं. त्यानंतर कागद निघाला तर रोग फर्मवेअरचाच होता, हे पक्कं.

प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. उबुंटू २२.०४ मध्ये एचपीलिप ३.२१.१२ आहे, २४.०४ मध्ये ३.२३.१२. म्हणजे सिस्टिम अपग्रेड केली की कालपर्यंत नीट चालणारा प्रिंटर आज मुका होतो आणि दोष बिचाऱ्या केबलला जातो. उपाय तोच, 'एचपी-प्लगइन' पुन्हा चालवायचं. ज्या ऑफिसात इंटरनेट नाही तिथे त्याच आवृत्तीची प्लगइनची फाइल पेनड्राइव्हवर न्या. जवळपासची आवृत्ती चालत नाही.

दुसरा सापळा ड्रायव्हरच्या यादीत. तिथे १०२० साठी दोन नावं दिसू शकतात: एकात 'फू२झेडजेएस' असतं, दुसऱ्यात 'एचपीकप्स' आणि पुढे प्लगइन लागेल अशी सूचना. आपोआप जोडणी झाली की कधी कधी पहिलाच निवडला जातो. तो वाईट नाही, पण त्याचं फर्मवेअर निराळं आणून बसवावं लागतं आणि तिथेच लोक अडकतात. जुनी नोंद काढून टाका आणि एचपीकप्सवाली निवडा.

पावसाळ्यात लाइटची ये-जा सुरू झाली की मधेच थांबलेलं काम रांग अडवून बसतं. या प्रिंटरला एकही बटण नाही, फक्त दोन दिवे. त्यामुळे काम रद्द करायचं ते संगणकावरूनच. 'कॅन्सल -ए'ने रांग रिकामी करा, 'एलपीस्टॅट -पी'ने स्थिती पाहा, प्रिंटर बंद दाखवत असेल तर 'सुडो कप्सएनेबल' (sudo cupsenable) आणि पुढे प्रिंटरचं नाव. बॅकअप म्हणून छोट्या यूपीएसवर मात्र जोडू नका. फ्यूजर, म्हणजे टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग, तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस टँ टँ करत बंद पडतो आणि संगणकही सोबत जातो.

कागदाचा आकार लेटरवर राहिला असेल तर पानाची मांडणी सरकते, म्हणून ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ६३१ (localhost:631) हे लिनक्सच्या छपाई यंत्रणेच्या सेटिंगचं पान उघडून ए४ कायमचा करून ठेवा. मराठी मजकुराची काळजी नको. पानाचं चित्र संगणकच तयार करून पाठवतो, त्यामुळे जोडाक्षरं पडद्यावर दिसतात तशीच उमटतात.

आता लोखंडाकडे. कागद ओढत नसेल तर पिकअप रोलर गुळगुळीत झालाय; ओलसर फडक्याने पुसा, फरक नाही पडला तर बदला. दोन-तीन कागद एकदम जात असतील तर सेपरेशन पॅड झिजलंय. जुलै-ऑगस्टमध्ये कागदाचं उघडं रिम दमट होऊन वळतं. ट्रेची क्षमता १५० कागदांची असली तरी तेव्हा वीस-तीसच ठेवा. अंगठ्याने घासल्यावर अक्षरं पुसली जात असतील तर फ्यूजरची फिल्म गेली. दर साडेसात सेंटिमीटरवर तोच डाग दिसला तर कार्ट्रिजमधला ड्रम खराब, कारण त्याचा घेर जवळपास तेवढाच आहे. कार्ट्रिज १२ए, कंपनीच्या हिशेबाने २००० पानं. रिफिल सर्रास होतं, पण भरणाऱ्याला जुनी टाकाऊ टोनर काढायला सांगा, नाहीतर पानावर काळपट थर येतो.

जुना विकत घेत असाल तर लाइव्ह मिंटचा (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या मिंटचा) पेनड्राइव्ह घेऊन दुकानात जा, तिथेच प्लगइन उतरवून वीस पानं सलग काढा. मग प्रिंटरचा स्विच बंद करा, दहा सेकंदांनी चालू करा आणि आणखी एक पान पाठवा. हे शेवटचं पान सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार त्याऐवजी कॅनन एलबीपी २९०० पुढे सरकवेल. तोही भक्कम आहे, पण त्याचा लिनक्स ड्रायव्हर ३२-बिट लायब्ररी मागत बसतो. तेवढी झटापट नको असेल तर १०२० च घ्या. आणि घरात वायफायवरून मोबाइलवरून छापायचं असेल तर दोन्ही सोडा. यांना नेटवर्क माहीतच नाही, संगणक सतत चालू ठेवावा लागेल.