१८००-१८०-३०२४ : औषध बाधलं तर फिरवायचा नंबर

लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सुरू असताना आईच्या टाचेमागची कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) सुजली, पाय टेकवेना. वय सत्तरीपार, त्यात स्टेरॉइड चालू. कंडरा तुटण्याचा धोका अशांनाच जास्त. अमेरिकेची औषध नियामक संस्था एफडीएने २००८ मध्येच या गटाच्या अँटिबायोटिक्सवर चौकटीतला इशारा छापायला लावला. आमच्या डॉक्टरांनी मात्र चकार शब्द काढला नव्हता!

औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या या सरकारी हेल्पलाइनवरच्या बाईंनी बॅच नंबर, तारखा, सोबतची औषधं, सगळं न कंटाळता लिहून घेतलं. रुग्णांसाठी मराठीतही फॉर्म आहे. भरपाई इथे मिळत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, तोही दोन वर्षांच्या आत. आणि नुसतं औषध बाधलं म्हणून भागत नाही, डॉक्टरांविरुद्ध तक्रार असेल तर त्यांचा हलगर्जीपणा दाखवावा लागतो. प्रिस्क्रिप्शन, बिल, रिकामी स्ट्रिप फेकू नका. चार तारे.