सीब्राइट म्हणून खपवलेली तिकडी

दुर्मीळ जातींच्या कोंबड्या विकणारा लबाड माणूस सहसा धादांत खोटं बोलत नाही. त्याला गरजच पडत नाही. मला ज्याने गंडवलं त्याचं जवळपास प्रत्येक उत्तर खरं होतं, आणि नेमकं तेच समजायला वेळ लागला. सीब्राइट बँटम, म्हणजे सीब्राइट नावाची अगदी छोट्या अंगाची कोंबडी, घ्यायच्या विचारात असाल तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आधी जातीबद्दल थोडं, कारण फसवणूक तिच्याच वैशिष्ट्यांवर उभी आहे. सर जॉन सीब्राइट यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ही जात घडवली. सोनेरी आणि रुपेरी असे तिचे दोन मुख्य रंग. मोठ्या कोंबडीची ही छोटी आवृत्ती नव्हे. सीब्राइटचं मोठं रूपच नाही. कोंबड्याचं वजन साधारण ६०० ग्रॅमच्या आसपास. प्रत्येक पिसाला सगळीकडून बारीक काळा काठ, अगदी शेपटीच्या पिसांनासुद्धा. पाय पाटीच्या रंगाचे, निळसर करडे. आणि सगळ्यात विलक्षण म्हणजे नराचा पिसारा मादीसारखा. मानेवर टोकदार पिसं नाहीत, शेपटीत कमानदार लांब पिसं नाहीत.

विक्रेत्याच्या जाहिरातीतला कोंबडा असाच होता, देखणा. सुरुवात उबवणीच्या अंड्यांनी करायचं ठरलं. अंडी आली तेव्हा काही फिकट तपकिरी होती, काही मलईच्या रंगाची, मापंही एकसारखी नव्हती. सीब्राइटचं अंडं छोटं आणि पांढरट असतं. विचारलं तर म्हणाला, "खाद्याने रंग बदलतो." त्याच्या तोंडचं सपशेल खोटं एवढंच. कवच तपकिरी की पांढरं हे कोंबडीच्या वंशावर ठरतं.

एक अंडं वाटेत तडकलं होतं, ते वाटीत फोडून पाहिलं. फलित अंड्याच्या बलकावर पांढरं वर्तुळ दिसतं, मध्ये ठिपका आणि भोवती कडं. इथे नुसता भरीव, वेडावाकडा ठिपका होता. एका अंड्यावरून काही सिद्ध होत नाही म्हणून बाकीची यंत्रात ठेवली. आठवड्याने अंधारात दिव्यावर धरली तर सगळी स्वच्छ. एकातही शिरांचं जाळं नाही, की गर्भ सुरुवातीला वाढून मेल्यावर दिसणारं रक्ताचं कडंही नाही.

आता त्याचं उत्तर ऐका. "सीब्राइटचं फलन कमीच असतं, ताई. शिवाय प्रवासात हवेचा कप्पा सुटतो." दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या. या जातीत फलन कमी, पिल्लं नाजूक, हे कोणीही जुना पाळणारा सांगेल. पण अंड्याच्या बोथट टोकाला असलेला हा कप्पा सुटला असेल तर अंडं कलतं केल्यावर तो बुडबुड्यासारखा सरकतो. ही अंडी आल्याबरोबर तपासली होती आणि कप्पे जागच्या जागी होते. हे सांगितल्यावर वाद न घालता त्याने समजूतदारपणे तोडगा काढला: अंड्यांचे पैसे तो मोठ्या तिकडीच्या किमतीतून वळते करून घेईल. एक नर, दोन माद्या, फक्त आगाऊ रक्कम लगेच हवी, मागे आणखी दोघं थांबलेत.

खरा गळ हा होता. अंडी हे निव्वळ आमिष. भरपाई म्हणून जो आणखी मोठी खरेदी सुचवतो, त्याच्याशी व्यवहार तिथेच थांबवावा असं माझं स्पष्ट मत आहे, मग जात कितीही दुर्मीळ असो.

पेटी उघडली तर नराच्या शेपटीत लांब, कमानदार पिसं. फोन केला. "नरपिसाऱ्याचा सीब्राइट आहे. फलन बरं मिळावं म्हणून काही जण मुद्दाम ठेवतात." हेही खरं! असे नर ठेवणारे लोक आहेत. नराला मादीसारखा पिसारा का येतो याचा शोधही जुना आहे. १९१९ साली थॉमस हंट मॉर्गन यांनी सीब्राइट कोंबड्यांचे अंडकोश काढल्यावर त्यांना पुढे अस्सल नरासारखी पिसं आल्याचं प्रसिद्ध केलं. या जातीच्या कातडीत नराचं संप्रेरक मादीच्या संप्रेरकात बदलतं, असं पुढे कळलं. तेव्हा नुसत्या शेपटीवरून त्याला खोटं पाडता येत नव्हतं.

मग बाकीचं बघत गेले. पाय पाटीच्या रंगाचे नाहीत, पांढरट, त्यावर पिवळसर झाक. माद्यांच्या छातीवर काठ सुंदर, पण शेपटी जवळजवळ पूर्ण काळी. अंग रुंद, गुबगुबीत. तुरा चपटा आणि बारीक काट्यांचा होता खरा, पण त्याचं मागचं टोक सरळ मागे जाण्याऐवजी मानेच्या वळणाने खाली झुकलेलं. या सगळ्या खुणा वायनडॉट बँटम या दुसऱ्या जातीशी झालेल्या मिसळीच्या. वायनडॉटच्याही पिसांना काठ असतो, तुराही त्याच धाटणीचा, म्हणून फोटोत मिसळ पटकन कळत नाही. पण वायनडॉटचे पाय पिवळे आणि शेपूट काळं. एकेका खुणेला त्याच्याकडे सबब होती. सगळ्या खुणा एकाच पक्ष्यावर असण्याला नव्हती. वायनडॉटची अंडी तपकिरी, त्यामुळे त्या अंड्यांचंही कोडं तिथेच सुटलं.

आणखी दोन गोष्टी. पायांना तेल चोपडलेलं होतं. पुसल्यावर खाली उचकटलेले, खरखरीत खवले, म्हणजे पायांत किडे. आणि "पाठवायच्या आधी मॅरेक्सची लस दिली आहे" ही चिठ्ठी. मॅरेक्स हा कोंबड्यांचा विषाणूजन्य रोग, आणि ही लस पिल्लू एक दिवसाचं असताना किंवा अंड्यातच देतात. वाढलेल्या पक्ष्याला आदल्या दिवशी ती टोचून काय साधणार? सीब्राइटला या रोगाचा धोका जास्त असल्याचं सगळे वाचून येतात, म्हणून लशीचं नाव घेतलं की गिऱ्हाईक निश्चिंत होतं. नवे पक्षी महिनाभर वेगळ्या खुराड्यात ठेवायची पद्धत असल्याने माझ्या जुन्या कोंबड्या वाचल्या.

परत घ्या म्हटल्यावर तो म्हणाला, बाहेर गेलेला पक्षी रोगाच्या भीतीने कळपात परत घेत नाही. रास्तच आहे, चांगले पाळणारेही घेत नाहीत. पण ते पैशांचं बोलतात. याने नंबर ब्लॉक केला.

जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर शोधला तर तो दुसऱ्या देशातल्या प्रदर्शनातल्या पक्ष्याचा, कित्येक वर्षं जुना निघाला. त्यामुळे फोटो मागूच नका, व्हिडिओ मागा. उजेडात, तुमचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद शेजारी, हाताने शेपूट पसरून दाखवलेली, पाय जवळून, पक्षी वजनकाट्यावर, आणि आईबाप त्याच चित्रणात. गेल्या हंगामात किती अंडी ठेवली आणि किती पिल्लं जगली हेही विचारा. खरा सीब्राइटवाला या प्रश्नावर रडगाणं सुरू करतो, मेलेल्या पिल्लांचा हिशेब देतो, उलट तुमचं खुराडं कसं आहे ते विचारतो. बाराही महिने अंडी, पिल्लं, तिकड्या सगळंच तयार आहे म्हणणाऱ्याकडे सीब्राइट नसण्याचीच शक्यता जास्त.

तक्रारीनंतर ती जाहिरात उतरली आणि वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे. फोटो तोच, फक्त आरशातल्यासारखा उलटा केलेला. मोठा करून बघा, कोंबड्याच्या पायातल्या कड्यावरचे आकडे उलटे दिसतात.